विट्याचं शिबिर: संमतीपत्रावर सही कोणाची?

सुहास, शनिवार ९ नोव्हेंबर २०२४

मंडळी,
विट्यात मुलींना गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची एचपीव्ही लस द्यायच्या शिबिराबद्दल संजयदादांचा निरोप आलाय. यादीतल्या निम्म्याहून जास्त मुलींचे आईवडील गावात नाहीत. दिवाळी उरकली, गलाईवाले (सोनं-चांदी गाळणारे) आपापल्या पेठांत परत गेले. मुली आजी-आजोबांजवळ. मुख्याध्यापक म्हणतात, "शाळेतर्फे मी एकच सही करतो, सगळ्यांचं होऊन जाईल." तारीख १४ डिसेंबरच धरली आहे, लस सांगलीच्या वितरकाला सांगून ठेवली आहे. राजूने केलेला फॉर्म जोडतोय. सोमवारी छापायला द्यायचाय, त्याआधी बोला.

मेधा

सुहास, मुख्याध्यापकांची सही अजिबात नको. त्यांचा हेतू चांगला आहे, पण हीच चूक याच लसीच्या बाबतीत आपल्या देशात एकदा होऊन गेली आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये आणि वडोदऱ्यात एचपीव्ही लसीचा प्रायोगिक प्रकल्प झाला. खम्ममला कितीतरी आदिवासी मुली वसतिगृहात राहायच्या, आणि त्यांच्या फॉर्मवर वॉर्डननी, मुख्याध्यापकांनी सह्या केल्या. पुढे सात मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ झाला आणि एप्रिल २०१० मध्ये सगळं थांबलं. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही. पण सह्यांचं समर्थन कोणालाच करता आलं नाही, आणि २०१३ साली संसदीय समितीने त्यावरूनच कडक ताशेरे ओढले. लस निर्दोष ठरूनही तिच्यावरचा विश्वास गेला तो गेलाच.

आई किंवा वडील, कोणा एकाची सही पुरे. आजी साक्षीदार म्हणून सही करू शकते, पालक म्हणून नाही.

आणि राजूचा फॉर्म. हा क्लिनिकल ट्रायलचा फॉर्म आहे. "संशोधनातून कधीही माघार घेण्याचा हक्क", "नीतिमत्ता समितीचा दूरध्वनी", "सहभागी क्रमांक", "इजा झाल्यास भरपाई" हे सगळं त्यात आहे. आपण कुठलंही संशोधन करत नाही. मान्यता मिळालेली, बाजारात असलेली लस लेबलावर लिहिल्याप्रमाणे देतोय. खानापूर तालुक्यातल्या बापाने हा कागद वाचला तर तो काय म्हणेल? परदेशातली माणसं आमच्या पोरींवर ट्रायल घेतायत. आणि कागद हातात असल्यावर त्याला खोटं तरी कसं म्हणणार?

राजू

तो फॉर्म मी हवेतून काढलेला नाही. ट्रायलच्या फॉर्ममध्ये मुलींना जास्तच संरक्षण मिळतं, कमी नाही. बिघडलं कुठे?

मेधा

राजू, संरक्षण फॉर्ममधून येत नाही, फॉर्ममागच्या व्यवस्थेतून येतं. २०१९ च्या नियमांनुसार ट्रायलला औषध नियंत्रकांची परवानगी लागते, नोंदणीकृत नीतिमत्ता समिती लागते, सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत, आधी नोंद लागते, भरपाईची जबाबदारी प्रायोजकावर असते. यातलं आपल्याकडे काय आहे? जे देता येणार नाही ते कागदावर कबूल करायचं नाही.

आपल्या फॉर्मला एक पान भरपूर झालं. लसीचं आणि कंपनीचं नाव, ती कशासाठी (गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, हे शब्द पहिल्याच ओळीत), किती डोस, नंतर काय होऊ शकतं: दंड दुखणं, सूज, थोडा ताप, भोवळ. कोणाला द्यायची नाही: आधीच्या डोसची किंवा लसीतल्या घटकाची तीव्र ॲलर्जी असलेल्यांना आणि गरोदर असतील त्यांना. त्या दिवशी चांगलाच ताप असेल तर पुढे ढकलायची. नंतर त्रास झाला तर कोणाला फोन करायचा. बॅच नंबर आणि मुदत यांचे रकाने त्या दिवशी भरायचे. आणि "होय"च्या शेजारी तेवढाच मोठा "नको". "नको" लिहिता येत नसेल तर ती संमती नव्हे.

प्रकाश (खजिनदार)

फॉर्मचं तुम्ही बघा. माझा प्रश्न पैशांचा. जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून एक डोसही चालेल म्हणते आहे. मग दोन कशाला? त्याच रकमेत दुप्पट मुली होतील. आणि खर्चाचे निर्णय कार्यकारिणीत होतात, लिस्टवर नाही, याची नम्र आठवण.

वसंतराव

आटपाडीच्या डोळ्यांच्या शिबिराचा हिशेब कार्यकारिणीतही आलेला नाही, याचीही नम्र आठवण.

मेधा

वसंतकाका, ते वेगळ्या धाग्यावर, प्लीज.

प्रकाशदादा, तुमचा मुद्दा खरा आहे, पण तो कुठल्या लसीला लागू होतो ते पाहावं लागेल. एका डोसचा मोठा पुरावा भारतातलाच. २००९ मध्ये दोन डोस विरुद्ध तीन डोस असा अभ्यास सुरू झाला, बार्शीचं कॅन्सर रुग्णालय त्यातलं एक केंद्र. खम्ममच्या गदारोळात सरकारने तोही थांबवला आणि हजारो मुली एकाच डोसवर राहिल्या. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. २०२१ ला निष्कर्ष आले: एचपीव्ही विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसने ९५.४ टक्के संरक्षण, तीन डोसने ९३.३. म्हणजे फरक नाहीच.

पण ती लस परदेशी कंपनीची गार्डासिल होती. आपण घेतोय ती पुण्याची सर्वाव्हॅक. तिला जुलै २०२२ मध्ये मान्यता मिळाली ती प्रतिपिंडांच्या तुलनेवर: ९ ते १४ वयाला दोन डोस देऊन जी पातळी आली ती गार्डासिलचे तीन डोस घेतलेल्या तरुणींपेक्षा कमी नाही, असं त्या चाचणीने दाखवलं. एका डोसचं त्यात काही नाही. त्यामुळे लेबलावर ९ ते १४ ला दोन, १५ पासून तीन. सरकार स्वतःच्या कार्यक्रमात पुढे एक ठरवू शकतं, त्यांच्याकडे तज्ज्ञ समिती आहे. आपण मुलींमागे एक डोस वाचवायचा आणि त्याला काटकसर म्हणायचं, हे मला पटत नाही.

अनघा

डोसवर मत नाही. मला लसीच्या प्रवासाची काळजी आहे. सुहास, वितरक सांगलीहून तासगावमार्गे थर्माकोलच्या खोक्यात फ्रीजरमधला बर्फ कोंबून पाठवणार असेल तर आत्ताच थांबवा. सगळे उन्हाला घाबरतात, पण ही लस गोठल्याने मरते. तिच्यात ॲल्युमिनियमचं संयुग असतं, गोठलं की त्याच्या गुठळ्या होतात आणि लस निकामी होते. पुन्हा वितळली की कुपी वरवर ठीक दिसते. मुलीला दंडदुखी मिळते, संरक्षण नाही. कुपीवर व्हीव्हीएमचा ठिपका असला तरी तो फक्त उष्णता दाखवतो, गोठणं दाखवत नाही.

आइसपॅक फ्रीजरमधून काढून बाहेर मांडून ठेवा. वर घाम येईल. हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला की मगच लसीच्या कॅरिअरमध्ये चारही बाजूंना लावा. कुप्या झिपच्या पिशवीत. सोबत डेटा लॉगर हवा, २ ते ८ अंशांची नोंद विट्यात उतरल्यावर वाचायची. शंका आली तर शेक टेस्ट: त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवा, संशयित कुपीशेजारी ठेवा, दोन्ही हलवा, साका कोणाचा लवकर बसतो ते पाहा. दोघींचा सारख्याच वेगाने बसला तर फेकून द्या.

आदल्या रात्री कुठे ठेवणार? प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आयएलआरमध्ये (लसींच्या खास फ्रीजमध्ये) जागा मिळाली तर उत्तम, पण तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी विचारा. कोणाच्या घरच्या फ्रीजमध्ये दुधाशेजारी नको.

संजय (विटा)

सगळ्यांचं वाचलं. इथली परिस्थिती सांगतो.

वडील कोईमतूरला असोत की आणखी कुठे, फोन सगळ्यांकडे आहे. माहितीचं पान दोन आठवडे आधी व्हॉट्सॲपवर पाठवू. त्यांनी तिकडे छापून सही करून फोटो पाठवायचा, मूळ कागद येणाऱ्या माणसाबरोबर. गलाईवाल्यांची येजा असतेच. सहीच्या आधी शाळेतून व्हिडिओ कॉल, समोर डॉक्टर, शेजारी आजी आणि आशाताई. ज्यांचा फोटो आला नाही त्यांना लस नाही, मुलगी रडली तरी. तिचं नाव पुढच्या फेरीला.

आजीचा प्रश्न सहीचा नाही, भीतीचा आहे. "पोरीला मूल होणार नाही" हा मेसेज इथेही फिरतोय. त्यावर भाषण कामाचं नाही. ऑस्ट्रेलियात २००७ पासून शाळेत ही लस देतात, तिथल्या मुली आता आया झाल्यात, एवढं आशाताईंनी घरी बसून सांगितलं की पुरतं. लस कॅन्सरची आहे हे आधी, संसर्ग कसा होतो ते विचारलं तरच.

वय शाळेच्या जनरल रजिस्टरवरून काढा, मुलीच्या सांगण्यावरून नको. नववीत काही जणी १५ पूर्ण आहेत, त्यांना तीन डोस लागणार, प्रकाशदादांनी ते धरावं. पहिल्या डोसला १५ च्या आत असलेली मुलगी मधल्या काळात १५ ची झाली तर तिला दोनच.

दुसरा डोस सहा महिन्यांनी म्हणजे १४ जूनला येतो. तेव्हा निम्म्या मुली आईवडिलांकडे. सहा महिन्यांच्या आत नको, पण उशिराने बिघडत नाही ना? शाळा भरल्यावर जुलैत घेऊ.

आणि १४ डिसेंबर हा शनिवार. सकाळची शाळा. पोरी चहावर येतात. उपाशीपोटी, रांगेत उभ्या, पुढचीला सुई टोचताना बघत. एक पडली की दहा पडतात, मग संध्याकाळपर्यंत गावभर "लसीने बेशुद्ध झाल्या".

मेधा

जुलै चालेल. भोवळीचं अगदी बरोबर. बसवूनच द्यायची, पडद्याआड, नंतर ३० मिनिटं खुर्चीत किंवा सतरंजीवर. तीव्र ॲलर्जी आली तर द्यायचं ॲड्रेनॅलिन १:१००० टेबलावर हवं, कपाटात नाही. किलोमागे ०.०१ मिली, जास्तीत जास्त ०.५, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. १ मिलीची सिरिंज, एक इंची सुई, इन्सुलिनची चिकटवलेली छोटी सुई नको. भोवळीत नाडी मंद आणि त्वचा गार असते, ॲलर्जीत नाडी धावते, अंगावर गांधी येतात, श्वास घरघरतो. हे टोचणाऱ्या सिस्टरांना त्या दिवशी सकाळी पुन्हा विचारा.

सुहास

मग शुक्रवार १३ डिसेंबर, मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाल्यावर. वितरकाला आज रात्रीच फोन करतो. राजू, नवा फॉर्म मेधाताईंना दाखवल्याशिवाय छापू नकोस.

प्रकाश

डेटा लॉगर कोणाच्या खात्यात टाकायचा? आणि १५ पूर्ण झालेल्या नेमक्या किती, तो आकडा बुधवारपर्यंत द्या. अंदाज नको.