विषय: जुन्या गावठाणातल्या समाध्या

मंडळींनो, नमस्कार.

गेल्या महिन्यात गावी जाऊन आले. औसा तालुक्यातलं आमचं गाव ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात पडलं, पुनर्वसन लांब झालं. घरं, शाळा, देवसुद्धा नव्या गावात गेले. पिढ्यान्‌पिढ्यांची माती मात्र जुन्या गावठाणाशेजारीच राहिली. आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत. माणसाला बसवून, हातात इष्टलिंग देऊन, विभूती-बेल वाहून पुरतात. वर मातीचा उंचवटा. ऐपत असली तर दगडी ओटा. आजीचा ओटा सापडायला मला अर्धा तास लागला, वेड्या बाभळीनं सगळं गिळलंय. शेजारच्या ओट्याचे चिरे तर कुणीतरी शेताच्या बांधाला लावलेत. वर्गणी काढून कंपाउंड घालता येईल का?

— लातूरची लेक, लायसेस्टर

*

ताई,

कंपाउंडच्या आधी वही घाला.

मी जालन्याचा. तिथं हैदराबाद कंटिन्जंटची, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांखालच्या फौजेची, छावणी होती, गोऱ्यांची थडगी आहेत. अशा थडग्यांसाठी विलायतेत १९७६ पासून एक संस्था काम करते. तिचे कागद ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांचं काम होऊ शकलं, कारण दगडावर नाव, पलटण, तारीख कोरलेली असते. आपल्या ओट्यांवर बहुतेकदा एक अक्षर नसतं. कोण कुठं आहे हे फक्त म्हाताऱ्या माणसांना ठाऊक, आणि भूकंपाआधीचं गाव पाहिलेली माणसं आता भराभर चाललीत. म्हणून आधी फोन करा. विधी करणाऱ्या जंगमांच्या घरी विचारा, खड्डा खणणाऱ्यांना विचारा. ‘अमक्याच्या उगवतीला कोण?’ असं विचारलं की आठवतं. नुसतं ‘कोण कोण आहे?’ विचारलं की माणूस गडबडतो.

मग गावातल्या एखाद्या पोराकडून कच्चा नकाशा काढून घ्या, प्रत्येक ओट्याला नंबर, दिशा धरून फोटो. अक्षरं असलीच तर फोटो सकाळी लवकर काढायचा. उन्हाच्या तिरपीत झिजलेलं अक्षरही उठतं. तारेचा ब्रश, ॲसिड लावू देऊ नका. लोक प्रेमानं ऑइलपेंट फासतात, तोही नको. काळा दगड एकवेळ टिकेल, शहाबादी फरशीचे पापुद्रे निघतात.

आणि सातबारा बघा. स्मशानाची नोंद नसेल तर १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे मराठवाड्यातली जुनी जमीननोंद, काढा. त्यामागची निजामाची दफ्तरं उर्दूत आहेत. हे बघितल्याशिवाय भिंत घातली तर पहिलं भांडण शेजारच्या शेतकऱ्याशी.

— जालनेकर काका, मिल्टन कीन्स

*

काका,

काल आत्याला फोन लावला, ती ८१ वर्षांची आहे. तुम्ही म्हणालात तसंच विचारलं, आजीच्या उगवतीला कोण? ती म्हणाली, तुझी धाकली काकू. बाळंतपणात गेली, लेकरासकट. घरात तिचं नाव कुणी कधी काढलं नाही. मला अशी काकू होती हेच माहीत नव्हतं. तिथून आत्या ओळीनं बोलत गेली. दीड तासात २३ नावं झाली. मध्येच थांबून म्हणाली, ‘बाकीचे उद्या सांगते, आज जीव भरून आला.’

नकाशासाठी भाच्याला जुन्या गावठाणात पाठवतेय. वर्गणीचं तूर्त राहू द्या. निजामकाळचं उर्दू दफ्तर वाचू शकेल असं आपल्या या ईमेल-यादीवर कुणी असेल तर मात्र कृपया मला लिहा.

— लातूरची लेक