चौल बंदर नेमके कशाने ओसरले?

पायपीट:
अलिबागहून रेवदंड्याला जाताना चौल लागते. नारळी-पोफळीच्या वाड्या, रामेश्वराचे देऊळ, त्यापुढची पुष्करिणी आणि झाडीत दडलेला हमामखाना एवढेच वाटसरूच्या नजरेस पडते. प्राचीन भूगोलकार टॉलेमीने नोंदवलेले हे बंदर १७४० मध्ये पोर्तुगीज गेल्यामुळे बुडाले, असे सर्रास सांगितले जाते. ते कितपत खरे मानावे?

जुनेपाने:
१७४० हे साल फार उशिराचे आहे. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसूदी येथे आला, तेव्हा त्याने एकट्या मुसलमानांची वस्तीच सुमारे १०,००० नोंदवली होती. १४६९ मध्ये निकितिन हा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन याच किनाऱ्यावर उतरला. (तो घोडा पुढे जुन्नरच्या खानाने अडकवून ठेवला, ही गोष्ट वेगळी.) १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला आणि तेथून एका नावाची दोन गावे झाली: वरचे चौल निजामशाहीचे, खालचे फिरंग्यांचे. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने खालच्या चौलाला वेढा घातला, पण ते त्याच्या हाती लागले नाही. चौल खऱ्या अर्थाने खंगले ते सतराव्या शतकात, जेव्हा व्यापार सुरतेकडे वळला आणि रेशमी कापड विणणारे येथील कारागीर इंग्रजांच्या मुंबईत जाऊन वसले. माग हलले की बाजारही हलतो. १७४० मध्ये मराठ्यांच्या हाती आले ते बरेचसे रिकामे झालेले शहर होते.

वाडीवाला:
वरील मत मला पटते, पण त्यात खाडी राहून गेली. कुंडलिकेचे मुख गाळाने उथळ होत गेले, हे आम्हा येथल्या माणसांना कोणी पुस्तकातून सांगावे लागत नाही. आमच्या वाडीत पोफळीसाठी आळे खणताना हातभर खोलीवर निळसर झिलईची खापरे निघतात. आजी ती वेचून वईच्या कडेला टाकत असे आणि आम्ही मुले त्यांनी लगोरी खेळत असू. मोठे जहाज आत येऊ शकत असते, तर विणकर गेल्यानंतरही काही ना काही व्यापार टिकला असता, असे मला वाटते.

पायपीट:
दोघांचेही आभार. म्हणजे १७४० मध्ये फक्त झेंडा बदलला, असे म्हणावे लागेल. खाडीपलीकडच्या कोर्लईत पोर्तुगीजमधून घडलेली बोली आजही घराघरांत बोलली जाते, मात्र अलीकडच्या तीरावर तिचा मागमूस नाही. पुढच्या खेपेला आधी कोर्लईला जाईन आणि तेथून चौलाकडे पाहीन.