एस्टीमची रेव्ह लिमिट (इंजिनाच्या आरपीएमची मर्यादा) ७५०० ला न्यायची आहे – ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) कोणता घ्यावा, इंजिन टिकेल का?

करवीर_जी१३
नमस्कार मंडळी. गाडी २००४ ची मारुती एस्टीम, १.३ एमपीएफआय, जी१३बीबी इंजिन. आता रस्त्यावर फिरत नाही, मातीतल्या ऑटोक्रॉसला (मैदानातल्या शर्यतीला) ट्रेलरवरून जाते. हेडर, फ्री-फ्लो एक्झॉस्ट आणि जरा मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बसवलाय. ईसीयू कंपनीचाच. अडचण अशी, की दुसऱ्या गिअरला ऐन वळणाच्या तोंडावर कट लागतो, म्हणजे ईसीयू आरपीएम पुढे जाऊ देत नाही. तिसरा टाकला तर लगेच परत दुसरा. म्हणून लिमिट ७५०० ला न्यायची आहे. क्रँक, रॉड, पिस्टन सगळं मूळचं. बजेट ४०,०००, ट्यूनिंग धरून. ईसीयू कोणता, आणि इंजिनाच्या या खालच्या भागावर किती आरपीएमपर्यंत भरवसा ठेवावा?

डोंबिवली_टीएसआय
एस्टीममध्ये पैसे घालू नकोस. सेकंडहँड पोलो १.० टीएसआय बघ. कंपनीतूनच ११० पीएस आणि १७५ एनएम, टॉर्क पावणेदोन हजारांपासून हजर. मी माझी रिमॅप केली (ईसीयूचा प्रोग्रॅम बदलला), आता घाटात कुणी माझ्या मागे टिकत नाही म्हणून सारखा आरसा बघावा लागतो. साडेपाच हजारांपुढे जायची गरजच पडत नाही.

अप्पा_सातपूर
पोलो ४०,००० त येते का? पोराने काय विचारलंय ते वाचा.
करवीर, आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या एस्टीमला एका गॅरेजवाल्याने ८००० ची लिमिट लावून दिली. व्हॉल्व्ह स्प्रिंगला हात लावला नाही. पहिल्याच इव्हेंटला व्हॉल्व्ह तुटून पिस्टनमध्ये घुसला, हेड आणि ब्लॉक दोन्ही भंगारात. आधी स्प्रिंग, मग ईसीयू. आणि तेल २०डब्ल्यू५०च घाल, पातळ तेल नको.

ट्रॉय_मिशिगन
८००० म्हणजे काहीच नाही हो. माझ्याकडे होंडा एस२००० आहे, २००१ ची. ९००० पर्यंत रोज फिरते. ८४ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), म्हणजे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २५ मीटरच्या वर. तुझा स्ट्रोक तर त्याहून लहान असणार. जपानी इंजिन आहे, बिनधास्त फिरव.

चाकण_कॅलिब्रेशन
एस२००० चं इंजिन पहिल्या दिवसापासून ९००० साठीच घडवलेलं आहे. पिस्टन आणि रॉड फोर्ज्ड, व्हॉल्व्ह ट्रेन वेगळी. त्याचा आकडा एस्टीमला लावू नका.

करवीर, तुझा स्ट्रोक ७५.५ मिमी. ७५०० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १८.९ मीटर, ६५०० ला १६.४. हा वेग स्वतः घाबरण्यासारखा नाही. पण रॉडवरची ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते. ६५०० वरून ७५०० म्हणजे जवळजवळ ३३ टक्के जास्त. ही ओढ सर्वांत वाईट असते ती एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी, पिस्टन वर पोचतो तेव्हा, कारण त्या क्षणी वरून दाबायला जळत्या वायूचा दाब नसतो. तेव्हा ताणले जातात ते रॉडचे बोल्ट. इंजिन उघडणार असशील तर बोल्ट नवे टाक, चारही रॉड वजनाला सारखे करून घे.

त्याआधी मर्यादा येते ती स्प्रिंगची. कमजोर स्प्रिंग कॅमच्या मागे धावू शकत नाही, व्हॉल्व्ह हवेत राहतो. आणि मोठ्या लिफ्टच्या कॅमला पूर्ण उघडलेल्या व्हॉल्व्हवर स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये जागा उरते का, ते मोजून घे. अप्पा म्हणाले ते शंभर टक्के खरं.

ईसीयूबद्दल. ७५०० ला एक पूर्ण चक्र १६ मिलिसेकंदांत संपतं. ८५ टक्के ड्युटी (त्यातला इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ) धरली तरी इंजेक्टरला साडेतेरा मिलिसेकंदच मिळतात, तेवढ्यात पेट्रोल पुरतं का बघ. एकच कॉइल असेल तर दर ४ मिलिसेकंदाला ठिणगी हवी, म्हणजे कॉइल भरायला वेळ कमी आणि वरच्या आरपीएमला मिसफायर (ठिणगी चुकणं). तो लोक पेट्रोलचा दोष समजतात. स्टँडअलोन (कंपनीच्या जागी बसणारा स्वतंत्र ईसीयू) घेतलास तर क्रँकवर ३६ वजा १ दातांचं चाक (३६ पैकी एक दात गाळलेलं, त्यावरून ईसीयू क्रँकची जागा ओळखतो) लाव. कॅमकडून येणाऱ्या सिग्नलमध्ये बेल्टची थरथर मिसळते आणि टायमिंग हलतं.

माझा आकडा: स्प्रिंग बदलून ७०००. मूळ स्प्रिंगवर एक आरपीएमही वाढवू नकोस.

अप्पा_सातपूर
तेच मी वर लिहिलंय. आधी स्प्रिंग.

पर्वरी_गॅरेज
२०डब्ल्यू५० कशाला? बेअरिंग क्लिअरन्स मूळ असेल तर १०डब्ल्यू४० पुरे. खरा प्रश्न लांब वळणात तेल संपच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या) एका बाजूला पळतं हा आहे. पंपाने हवा ओढली की बिग एंड (रॉडचं क्रँककडचं) बेअरिंग गेलंच. संपमध्ये पत्र्याचे बॅफल (तेल अडवणारे आडपडदे) वेल्ड करून घे, ईसीयूच्या आधी.

अप्पा_सातपूर
मातीत, मे महिन्यात, चाळीस डिग्रीत १०डब्ल्यू४०? आम्ही आयुष्यभर २०डब्ल्यू५० वर गाड्या चालवल्या.

पर्वरी_गॅरेज
गोव्यात पण ऊन पडतं अप्पा.

नियम_पाळा
मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीबाहेरचा बदल चालत नाही. आरटीओने पकडलं तर काय करणार?

करवीर_जी१३
ट्रेलरवरून नेतो, पहिल्या पोस्टमध्ये आहे. मैदानाबाहेर चालवत नाही.

हडपसर_वायरिंग
मी स्पीडुइनो हा स्टँडअलोन ईसीयू वापरतो. बोर्ड स्वस्त, सॉफ्टवेअर खुलं, पण वायरिंग नीट नाही केलं तर डोक्याला ताप. वाइडबँड सेन्सरशिवाय (एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) सुरुवात करूच नकोस. आणि इंधनाचा मॅप लॅम्ब्डामध्ये बघ (१ म्हणजे नेमकं प्रमाण, त्याखाली पेट्रोल जास्त). आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, त्याचा स्टॉइक (पूर्ण ज्वलनाला लागणारं हवा-इंधनाचं प्रमाण) १३.५ च्या आसपास येतो, १४.७ नाही. शुद्ध पेट्रोलवर केलेला जुना मॅप फुल थ्रॉटलला लीन जातो (इंधन कमी पडतं). फुल थ्रॉटलला लॅम्ब्डा ०.८७ च्या आसपास ठेव. ई२० साठी रबरी होजही बदल.
लिमिटचा कट इंधनाचा ठेव. ठिणगीचा कट फटाके फोडतो म्हणून पोरांना आवडतो, पण न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातं.

ट्रॉय_मिशिगन
लिमिटर आहे ना, मग इंजिन कसं जाईल?

चाकण_कॅलिब्रेशन
लिमिटर फक्त इंजिनाने स्वतः घेतलेले आरपीएम थांबवतो. तिसऱ्यात ६५०० ला असताना चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला, तर चाकं इंजिनाला साडेनऊ हजारांवर खेचतात. ईसीयू तिथे काहीच करू शकत नाही. म्हणून गिअरबॉक्सचे माउंट आणि लिव्हरचे बुश आधी ताठ कर.
करवीर, आणखी एक. फक्त वळणापुरता गिअर वाचवायचा असेल तर पुढच्या टायरचा व्यास थोडा मोठा घे. त्याच आरपीएमला दुसरा गिअर थोडा लांब जातो. खर्च टायरचाच.

डोंबिवली_टीएसआय
किंवा पोलो.

करवीर_जी१३
सगळ्यांचे मनापासून आभार. मोठा टायर वळणातून बाहेर पडताना ओढ कमी करतो, ते मला नको आहे. उद्यमनगरातल्या ओळखीच्या वर्कशॉपला इंजिनाचं हेड देऊन आलो. स्प्रिंग मजबूत टाकतोय, वेढ्यांची जागा मोजायला सांगितलीय. संपला बॅफल, क्रँकला ३६ वजा १ चं चाक, बोर्ड स्पीडुइनोचा. रॉडचे बोल्ट मात्र आता नाही, पैसे पुरत नाहीत. भंगारातून एक पूर्ण इंजिन स्वस्तात मिळतंय, ते सुटं म्हणून ठेवतोय.
लिमिट ७५००. चाकणदादा, तुमचा ७००० चा आकडा पटतो, पण मला तो वळणाचा गिअर हवाच आहे.

चाकण_कॅलिब्रेशन
मग सॉफ्ट कट (ताकद थोडी कमी करणारा) ७२०० ला लाव, हार्ड (पूर्ण तोडणारा) ७५०० ला. पहिल्या इव्हेंटला लॉगिंग चालू ठेव, तेलाचा दाब आणि लॅम्ब्डा दोन्ही. वळणात दाब खाली पडताना दिसला तर त्याच दिवशी ६८०० वर आण. लॉग इथे टाक, मी बघतो.

अप्पा_सातपूर
तेल कुठलं घालतोयस ते सांगितलं नाहीस.