अभयारण्याजवळच्या जुन्या गोठ्यात खोल्या काढायला परवानगी नाकारली, हे बरोबर आहे का?

सत्तरीकर: गोव्यातल्या म्हादई अभयारण्याच्या कडेला आमचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, त्यात काकांचा चिऱ्यांचा जुना गोठा. गुरं आता नाहीत, छपराचे नळे गळतात, म्हणून जोता तोच ठेवून दोन खोल्या काढून होमस्टे चालवायचा म्हणून अर्ज केला तर थेट नकार. कारण काय, तर जमीन सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे घरं बांधायच्या पट्ट्यात, नाही आणि वापर बदलतोय. एक पोफळ तोडणार नव्हतो हो! १९९९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं त्याच्या कितीतरी आधीपासून आम्ही इथे आहोत, मग पोरांनी गाव सोडून पणजीलाच जायचं का?

झरीकाठची: राग मानू नको, पण मला नकार बरोबर वाटतो. गोठा पडत असेल तर गोठा म्हणून दुरुस्त कर. खोल्या आल्या की सेप्टिक टँक, बोअरवेल, गाड्यांना रस्ता, म्हणजे डोंगर कापणं आलंच, आणि वरच्या झरीचं पाणी पाटाने खालच्या कुळागरांना जातं त्याचं काय? २०२१ च्या जुलैतला पूर आपल्या सत्तरी तालुक्याने बघितलाय. शिवाय तुझा कागद दाखवून उद्या दिल्लीवाला व्हिला मागणार.

सत्तरीकर: व्हिलावाल्याला माझा कागद लागतोय कशाला? २०२३ मध्ये प्रादेशिक आराखड्यातल्या 'चुका सुधारायच्या' म्हणून नगर नियोजन कायद्यात कलम १७(२) आणलं आणि प्लॉटागणिक झोन बदलत सुटले, शेवटी मार्च २०२५ मध्ये हायकोर्टाने त्याचे नियम रद्द केले. त्याआधी २०२४ मध्ये झोन बदलायला त्याच कायद्यात कलम ३९ए आणून ठेवलंच होतं. मोठ्यांना कलमं आणि आम्हाला नकार!

डिचोलीचा: दोघांचंही थोडं पटतं. उंची वाढवायची नाही, नवीन बोअरवेल नाही, घरचा माणूस तिथेच राहायला हवा, अशा अटींवर द्यायला काय हरकत आहे?

झरीकाठची: अटी तपासायला पावसात वर चढणार कोण? ३९ए विरुद्ध मी तुझ्याबरोबर उभी राहीन रे सत्तरीकर, ते कलम जायलाच पाहिजे. पण तिकडे चुकीचं दिलं म्हणून इकडेही द्या, हे मला नाही पटत. सांडपाणी कुठे सोडणार तेवढं आधी सांग, मग ग्रामसभेत बोलू.