जुन्या गाडीची वाढीव वॉरंटी: घेतली असेल तर काय झालं ते लिहा

गोदाकाठची
काल नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ एक गाडी बॉनेट उघडून उभी होती. रस्त्यावर हिरवं कूलंट सांडलेलं, आजी पदर डोक्यावर घेऊन दुभाजकावर बसलेल्या. थांबले, पाणी दिलं, पण घरी येईपर्यंत पोटात कालवत होतं. २०१९ चा मे आठवला.

तेव्हा ५ वर्षं जुनी डिझेल गाडी घेतली होती. डीलर म्हणाला, "ताई, १४,००० भरा, वर्षभर इंजिन-गिअरबॉक्सची काळजी नाही." भरले. बाबांना डोळे दाखवायला मुंबईला नेलं, परतताना कसारा घाटात इंजिनच्या तापमानाचा काटा लालवर गेला. पुढे ट्रक, मागे रांग, थांबायला जागा नाही. पुढच्या वळणापर्यंत नेली, जेमतेम अर्धा किलोमीटर. इंजिनचं हेड गास्केट गेलं, हेड वाकलं. बिल ४२,०००.

क्लेम नामंजूर. फुटला होता कूलंटचा होज पाइप. तो रबराचा, म्हणजे झिजणारा भाग, तो वॉरंटीत नाही. तो फुटल्यामुळे झालेलं नुकसानही नाही. वर, गाडी गरम झालेली असताना तुम्ही चालवली. हे सगळं पुस्तिकेत बारीक अक्षरांत होतं, आणि पुस्तिका हातात आली पैसे भरल्यावर. मेस्त्रीने तो होज पिशवीत घालून दिला. क्लिपच्या कडेला नखाएवढी चीर. अजून ठेवलाय.

माझं मत, डीलरची वॉरंटी घेऊ नये. तुमचा फायदा झाला असेल तर तेही लिहा, मला खरंच ऐकायचंय.

सातपूरकर
आमचा झाला. पण ती कंपनीचीच होती, पहिल्या मालकाने गाडी नवी असताना वाढवलेली. आरसी नावावर झाल्यावर कंपनीच्या वर्कशॉपला जाऊन वॉरंटीपण नावावर करून घेतली, थोडी फी लागली. ८ महिन्यांनी एसीचा कॉम्प्रेसर गेला, एक रुपया न घेता बदलला. नावावर केली नसती तर मिळाला नसता. बाकी नंतर लिहितो, शिफ्ट सुटली.

मखमलाबाद_नाका
ताई वाचून काटा आला. आमचे अण्णा कसारा चढताना एसी बंद करून हीटर लावायचे, मे महिन्यात! इंजिनची उष्णता आत ओढली जाते म्हणायचे. आम्ही पोरं घामाने चिंब. पण गाडी एकदाही तापली नाही.

भाकरवडी
आमचे बाबा पण!! आणि वर इगतपुरीला आल्यावर वडापाव ठरलेला. आता जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत झाला, बोगद्यातून जातो, घाट लागतच नाही. वडापावही सुटला.

मखमलाबाद_नाका
त्या वडापावसाठी मी अजून जुन्याच रस्त्याने जातो :)

पार्टवाला
द्वारकेला स्पेअर पार्टच्या दुकानात असतो. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बुश, बेल्ट, होज, बॅटरी, टायर. काउंटरवर रोज जे खपतं ते जवळपास सगळं वॉरंटीच्या बाहेर. टर्बो, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, स्टिअरिंगची मोटर यांची बिलं मोठी, तशी गाडी असेल तर घ्या, पण अटी वाचून. साधी पेट्रोल, ५ गिअर असेल तर त्याच पैशात होज, थर्मोस्टॅट, बेल्ट, कूलंट एकदम नवं करून टाका. बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर वॉरंटीवाले बहुतेक वेळा हात वर करतात.

सिडको_नवीन
झिरो डेप विमा आहे ना, मग वॉरंटी कशाला? पुढच्या आठवड्यात घेतोय गाडी

पार्टवाला
दादा ते अपघाताचं. ठोकली तर विमा. आपोआप बिघडली तर वॉरंटी.

सिडको_नवीन
अच्छा. हे कोणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

रविवारची_मिसळ
भावाचा गिअरबॉक्सचा क्लेम नाकारला, कारण सर्व्हिस ७०० किमी उशिरा केली. गिअरबॉक्सचा आणि त्या सर्व्हिसचा काय संबंध? फोनवरच नाही म्हणत होते, आम्ही लेखी मागितलं. त्यातच आठवडे गेले. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार, नंतर जिल्हा ग्राहक आयोग. भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही, वकील केलाच पाहिजे असंही नाही, पण २ वर्षांच्या आत जावं लागतं. जॉब कार्ड आणि बिलं जपून ठेवली म्हणून उभे राहू शकलो. तडजोडीत निम्मे मिळाले. भाऊ खूश आहे, मी नाही.
गोदाकाठची, तुमची मुदत गेली, फार वाईट वाटलं.

भाकरवडी
पेठ रोडच्या आरटीओत आरसी नावावर व्हायला हल्ली किती दिवस लागतात? मामांची स्कूटर घ्यायचीय. कुकर झाला, येते परत.

मखमलाबाद_नाका
ताई, बाबांचे डोळे कसे आहेत आता?

गोदाकाठची
छान आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे इथेच झालं. गाडी तीच आहे. होज मी दर २ वर्षांनी बदलते. मागच्या वेळी बाबांनी टॉर्च धरला आणि क्लिपजवळची चीर माझ्याआधी त्यांनाच दिसली.

सिडको_नवीन
आज डीलरकडे पुस्तिका मागितली. म्हणतो सोमवारी देतो, आधी टोकन द्या.

गोदाकाठची
दिलं नाही ना? सोमवारी पुस्तिका घेऊनच या. फोटो इथे टाका, आपण मिळून वाचू.