मदत हवी आहे: भावाचा फोन पोलिसांनी ठेवून घेतलाय, पंचनामा नाही की पोच नाही

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ वायरमन आहे. १९ दिवसांपूर्वी रात्री आमच्या चौकात दोन गटांची मारामारी झाली. हा काम आटोपून घरी येत होता, थांबला आणि थोडं शूटिंग केलं. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात बोलावलं. याने व्हिडिओ दाखवला, तर 'तपासाला लागेल, दोन दिवसांनी ये' म्हणून फोनच ठेवून घेतला. लॉकचा पॅटर्न एका चिठोऱ्यावर काढून घेतला आणि तो रबर लावून फोनलाच गुंडाळला. याशिवाय कुठलाही कागद झालेला नाही. तो आरोपी नाही, साक्षीदार म्हणून जबाबही घेतलेला नाही.

पहिले दोन दिवस त्याच्या नंबरवर रिंग जायची, आता बंद लागतो. गिऱ्हाइकांचे नंबर, येणे बाकीचा हिशोब, बँकेचे ओटीपी, सगळं त्यातच. सिम बंद करून दुसरं घेतलं, पण बाकीचं कुठून आणणार? चार हेलपाटे झाले. दर वेळी 'साहेब बंदोबस्ताला गेलेत'.

मी वाचलं ते असं. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १०६ जप्तीचं आहे (सीआरपीसीत १०२). जप्ती केली की दंडाधिकाऱ्यांना ताबडतोब कळवायचं असतं. कलम १०५ प्रमाणे जप्तीचं, यादी करण्याचं, पंचांच्या सह्यांचं व्हिडिओ चित्रीकरण करायचं असतं. नुसती वस्तू हजर करायला सांगायची, तर कलम ९४ खाली लेखी आदेश लागतो. यातलं आमच्याकडे काहीच झालं नाही. मुद्देमाल, म्हणजे जप्त वस्तू, परत मागायचा अर्ज कलम ५०३ खाली (सीआरपीसीत ४५७). सुंदरभाई देसाई खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सांगितलंय की पंचनामा, फोटो आणि बाँड घेऊन वस्तू मालकाला द्यावी, ठाण्यात उगाच पडून ठेवू नये.

माझी अडचण नेमकी इथे आहे. कलम ५०३ हे जप्ती दंडाधिकाऱ्यांना कळवली आहे असं धरून चालतं. इथे कळवलेलीच नसेल आणि कोर्टाने 'से' (पोलिसांचं लेखी म्हणणं) मागितल्यावर ठाण्याने 'असा फोन आमच्याकडे नाही' असं लिहून दिलं तर? आमच्याकडे फोनचं बिल आहे, खोका आहे, त्यावर आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) आहे. पण फोन त्यांच्या ताब्यात आहे याचा पुरावा फक्त भावाचा शब्द.

एक गोष्ट डोक्यात आहे. सुप्रीम कोर्टाच्या २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही आणि १८ महिन्यांचं रेकॉर्डिंग (ते शक्यच नसेल तिथे किमान १ वर्षाचं) सांगितलंय. त्या दिवसाचं फुटेज जपून ठेवा असा अर्ज ठाण्याला द्यावा, की थेट कोर्टाकडेच मागावं? माहिती अधिकारात मिळालंय का कुणाला?

शिवाय अर्जावर आवक शिक्का द्यायला ठाणे अंमलदार तयार नाही. मग तोच अर्ज ठाण्याला आणि पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवला, तर ती पोच कोर्टात चालते का? भाऊ म्हणतो, 'ताई, जाऊ दे, नवा घेऊ, रोज त्याच रस्त्याने जायचंय मला.' त्याची भीती मला कळते. पण ५०३ चा अर्ज त्याच्याच सहीने जाणार, म्हणून त्याला सांगण्याआधी विचारतेय. तालुका कोर्टात असं काम केलेल्या कुणी वकिलांनी किंवा यातून गेलेल्या कुणी सांगितलं, तर सोमवारीच अर्ज लिहायला घेते.