मदत हवी आहे: रिपोर्टवर १,२५,००० ऐवजी १२५,००० छापतंय (तातडीचं)

तिस्कवाली
काजू बी खरेदीचा हंगामी रिपोर्ट उद्या सकाळी ऑडिटरच्या टेबलावर हवाय. आकडे सगळे १२५,०००.०० असे पडतायत. चेअरमनना लाखाच्या जागी स्वल्पविराम हवा, आणि बरोबरच आहे त्यांचं. शेतकऱ्याच्या पावतीवर १,२५,००० आणि रिपोर्टवर १२५,००० असं दिसलं की वाचणारा अडखळतो. क्वेरीत फॉरमॅट फंक्शन लावलेलं आहे, तरी असं. दोन तास गेले यात. कुणी एका ओळीत सांगेल का?

डिचोलीकर
कुठला डेटाबेस? कुठली आवृत्ती? क्वेरी दाखवा.

जुना_ओरॅकलवाला
ओरॅकलचं टू_चार फंक्शन वापरा, ते आकड्याला साच्यात बसवतं, साचा '९९,९९,९९,९९०.००'. स्वल्पविराम तुम्ही द्याल तिथेच पडतो. साचा मात्र ऐसपैस ठेवा. रक्कम मावली नाही की त्या जागी नुसते #### येतात. एका मार्चअखेरीला आमचा बेरजेचा आकडा साच्यापेक्षा एका अंकाने मोठा झाला आणि प्रत्येक पानाच्या तळाशी #### छापून आलं. १३२ कॉलमच्या रुंद कागदाचा सगळा गठ्ठा पुन्हा काढला, रात्री साडेअकराला.

तिस्कवाली
टू_चार नावाचं फंक्शनच नाही म्हणतो. मायएसक्यूएल ८ आहे, सांगायचं राहिलं.

डिचोलीकर
मग फॉरमॅटला तिसरा पॅरामीटर द्या: फॉरमॅट(रक्कम, २, 'ईएन_आयएन'), म्हणजे भारतीय पद्धत. तो दिला नाही तर अमेरिकी पद्धत धरली जाते, तीन-तीन अंकांचे गट.

कुंडईचा_कोडर
माझं स्पष्ट मत आहे, डेटाबेसमध्ये आकडे सजवूच नयेत. डेटाबेसने कोरा आकडा द्यावा, स्वल्पविराम रिपोर्ट टूलने किंवा एक्सेलने लावावेत.

जुना_ओरॅकलवाला
सगळ्यांकडे टूल नसतं हो. लहान संस्थेत क्वेरी चालवायची, फाइल काढायची आणि थेट प्रिंटरला पाठवायची, एवढंच असतं. एक्सेलमध्ये लाख-कोटीचा साचा अटी घालून बनवता येतो, पण अटी दोनच बसतात. लाख आणि कोटीसाठी त्या खर्ची पडल्या की उणे रकमेसाठी उरत नाही, परतीच्या नोंदी पुन्हा तीन-तीनच्याच गटात दिसतात.

म्हापसा_प्रिंटर्स_कॉर्नर
रकमेपुढे ₹ लावणार असाल तर आधी एक पान काढून बघा. हे चिन्ह सरकारने १५ जुलै २०१० ला स्वीकारलं, त्याआधीच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या पोटातल्या फॉन्टमध्ये ते नाही. चौकोन नाहीतर प्रश्नचिन्ह उमटतं. सरळ 'रु.' लिहा.

केपेंचो_मास्तर
आकड्यातल्या खुणांवरून आठवलं. आमच्या घरी पोर्तुगीज काळातले जमिनीचे कागद आहेत. १९५८ साली इथे गोव्यात रुपिया जाऊन एश्कुद आला, एका रुपियाला सहा. त्यात एश्कुद आणि सेंताव यांच्या मधोमध टिंब नसून डॉलरसारखं चिन्ह असायचं, १२$५० असं. आजोबा तो कागद हातात धरून मला आकडा वाचायला शिकवत. म्हणून सांगतो, खूण कुठे पडते ते वाचणाऱ्यासाठी फार महत्त्वाचं, चेअरमनचा आग्रह मला पटतो.

तिस्कवाली
मास्तर, कागद जपून ठेवा. डिचोलीकर, स्वल्पविराम बसले! १,२५,०००.०० आलं. पण आता नवीनच. खालची बेरीज मघाशी २३२ येत होती (ते नंतर बघू म्हणून लिहिलं नव्हतं), ती आता १०८ झाली. चाचणीला तीनच ओळी ठेवल्यात: १,२५,०००.००, ९८,५००.००, ९,७५०.००. शिवाय मोठी रक्कम वर हवी असा क्रम दिलाय, तरी सव्वा लाख सगळ्यात खाली.

सॉफ्टवेअर_सत्तरी
अक्षरी रक्कम हवी असेल तर माझ्याकडे फंक्शन तयार आहे, 'रुपये दोन लाख तेहेतीस हजार दोनशे पन्नास फक्त' असं मराठीत येतं.

डिचोलीकर
ताई, ही बेरीज कशावर करताय? मूळ टेबलवर की व्ह्यूवर (साठवून ठेवलेल्या क्वेरीवर)?

तिस्कवाली
व्ह्यूवर. फॉरमॅट व्ह्यूतच आहे, म्हणजे प्रत्येक रिपोर्टमध्ये पुन्हा लिहायला नको.

डिचोलीकर
तिथेच घोळ आहे. फॉरमॅटमधून आकडा बाहेर पडत नाही, मजकूर पडतो. मजकुराची बेरीज करायला सांगितलं की मायएसक्यूएल पहिल्या स्वल्पविरामापर्यंतच वाचतो. आधी १२५ + ९८ + ९ = २३२. स्वल्पविराम सरकला तेव्हा १ + ९८ + ९ = १०८. एरर येत नाही, नुसती वॉर्निंग येते, आणि ती कुणी वाचत नाही. क्रमाचंही तेच. मजकूर म्हणून '९' हा '१' पेक्षा मोठा.
व्ह्यूमध्ये रक्कम कोरी ठेवा. शेवटच्या सिलेक्टमध्ये ओळीला फॉरमॅट(रक्कम, २, 'ईएन_आयएन') आणि तळाला फॉरमॅट(सम(रक्कम), २, 'ईएन_आयएन'). आधी बेरीज, मग स्वल्पविराम. सजवलेल्या रकान्याला 'रक्कम' हेच नाव देऊ नका, नाहीतर क्रम लावणारा ऑर्डर बाय पुन्हा त्यालाच धरेल. 'छापील_रक्कम' असं काहीतरी द्या.

कुंडईचा_कोडर
कोरा आकडा म्हणत होतो तो ह्याचसाठी.

डिचोलीकर
व्ह्यूपुरतं तुमचं शंभर टक्के खरं, बाब. कागदावर जाणाऱ्या शेवटच्या क्वेरीत सजवायला माझी हरकत नाही. आणि ताई, रकमेचा रकाना डेसिमल आहे ना? फ्लोट (आकडा अंदाजे साठवणारा) असेल तर मोठ्या बेरजेत पैसे इकडचे तिकडे होतील.

तिस्कवाली
डेसिमल(१२,२) आहे, आत्ताच बघितलं. व्ह्यू बदलला. तीन ओळींची बेरीज २,३३,२५०.००. मग पूर्ण हंगाम चालवला, तळाचा आकडा खरेदी वहीशी पैशासकट जुळला. मागच्या महिन्यात ह्याच व्ह्यूवरून दोन रिपोर्ट दिलेत, ते आता आधी काढून तपासते. सगळ्यांचे आभार, देव बरें करूं.